चार डबे, दहा लाडू आणि बाबांचे हात

गेले तीन वीकएंड इथे काही लिहिलं नाही. आळस हे कारण नव्हतं (या वेळी तरी नव्हतं). एक शनिवार हॉस्पिटलात गेला आणि पुढचे दोन, त्या शनिवारी जे पाहिलं त्यामुळे ऑफिसचा कोड दुरुस्त करण्यात. आता दोन्ही गोष्टी मार्गी लागल्यात, तेव्हा सांगतो. पोस्ट लांबणार आहे आणि मधे थोडं गणितही येणार आहे. पण बेरीज, गुणाकार, भागाकार यापलीकडे काही नाही, त्यामुळे पळून जाऊ नका. चहा घेऊन बसा.

मी नक्की काय काम करतो हे घरी कुणालाच माहीत नाही. "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढ्यावर आई समाधानी असते. बाबा एसटीत कंडक्टर होते, बत्तीस वर्षं. त्यांचं काम कुणालाही एका वाक्यात सांगता यायचं. माझं मलाच येत नाही. तरी प्रयत्न करतो: आमची टीम गॅमा कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर लिहिते. त्यातला माझा भाग म्हणजे कॅमेऱ्याने गोळा केलेल्या आकड्यांपासून शरीराच्या आतलं त्रिमितीय चित्र तयार करणं. आणि गेले सहा महिने मला दिलेलं काम एका ओळीचं होतं, "हे फार हळू चालतं, एका मिनिटाच्या आत आणा."

आता हे चित्र कसं बनतं? एक्स-रेमध्ये किरण बाहेरून येतात आणि शरीरातून आरपार जातात. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये उलटं. पेशंटला अगदी थोडं किरणोत्सारी औषध टोचतात, बहुतेक वेळा टेक्नेशियम-९९एम जोडलेलं. ते हव्या त्या अवयवात जाऊन बसतं आणि मग पेशंटच आतून किरण सोडत असतो. दर सहा तासांनी ते निम्मं होतं. कॅमेरा पेशंटभोवती फिरत एकेका कोनातून हे गॅमा किरण मोजतो. कॅमेऱ्याच्या तोंडावर शिशाची जाळी असते, कोलिमेटर. ती फक्त सरळ समोरून येणाऱ्या किरणांना आत सोडते, तिरके येणारे गिळून टाकते. त्यामुळे साधारण दहा हजारांतला एखादाच किरण मोजला जातो. बाकी सगळे वाया!

याचा परिणाम असा की हातात येणारे आकडे फार छोटे असतात. एखाद्या चौकटीत १०० किरण मोजले गेले, तर तो आकडा नैसर्गिक चढउताराने १० इकडे-तिकडे असू शकतो. म्हणजे सरळ दहा टक्के गोंधळ. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता लाडू.

समजा फडताळात चार डबे आहेत, दोन वर आणि दोन खाली. उघडायचे नाहीत. मी तुम्हाला फक्त एवढं सांगतो: वरच्या ओळीत मिळून ४ लाडू, खालच्या ओळीत ६. डाव्या उभ्या रांगेत ३, उजव्या रांगेत ७. कुठल्या डब्यात किती? (आईने खरे ठेवलेत वर १ आणि ३, खाली २ आणि ४. पण ते तुम्हाला माहीत नाही.)

पद्धत अशी. सुरुवातीला बिनधास्त सगळीकडे १ धरा. वरच्या ओळीची बेरीज २ येते, हवी होती ४. म्हणजे प्रमाण २. खालच्या ओळीत २ येते, हवी होती ६. प्रमाण ३. डाव्या रांगेचं प्रमाण दीड, उजव्या रांगेचं साडेतीन. आता प्रत्येक डबा एका ओळीत आणि एका रांगेत आहे, तर त्या दोन प्रमाणांची सरासरी काढून डब्याला गुणा. वर १.७५ आणि २.७५, खाली २.२५ आणि ३.२५ असं उत्तर येतं. वरच्या ओळीची बेरीज झाली ४.५. हवी होती ४. म्हणजे दिशा बरोबर आहे, पण अजून पोचलो नाही. मग हेच परत करा. परत करा. परत करा...

हीच ती प्रसिद्ध एमएलईएम पद्धत. १९८२ मध्ये शेप आणि वार्डी यांनी ती या कामासाठी मांडली, १९८४ मध्ये लँग आणि कार्सन यांनीही. तिची मोठी खुबी म्हणजे मोजलेल्या किरणांचा तो चढउतार ती हिशेबात धरते. शिवाय कॅमेऱ्याची जाळी किती अस्पष्ट दाखवते, शरीर किती किरण शोषतं, हे सगळं "माझ्या अंदाजावरून काय दिसायला हवं होतं" या गणितात घालता येतं. खोट एकच. फार हळू. आपले चार डबे होते. खऱ्या स्कॅनमध्ये ६४ × ६४ × ६४, म्हणजे २,६२,१४४ डबे. आणि दोन दिशांऐवजी चौसष्ट. त्या काळच्या कॉम्प्युटरवर हे दवाखान्यात रोज चालवणं शक्यच नव्हतं, म्हणून कितीतरी वर्षं लोक फिल्टर्ड बॅक प्रोजेक्शन नावाची झटपट पद्धतच वापरत राहिले. तिचं गणित मुळात रादोन या गणितज्ञाने १९१७ मध्येच करून ठेवलेलं.

मग १९९४ मध्ये हडसन आणि लार्किन या दोघांनी एक युक्ती छापली. इतकी साधी की वाचल्यावर "अरेच्चा, हे मलाही सुचलं असतं" असं वाटतं (सुचलं नसतं). सगळ्या दिशा एकदम वापरून एक दुरुस्ती करायची, त्याऐवजी दिशांचे गट पाडा. एका गटावरून दुरुस्ती करा, लगेच ती वापरून दुसऱ्या गटाकडे जा.

लाडवांवर करून बघू. आधी फक्त ओळी घ्या. वरच्या डब्यांना २ ने गुणा, खालच्यांना ३ ने. झाले वर २, २ आणि खाली ३, ३. आता रांगा बघा. प्रत्येक रांगेची बेरीज ५. डावीकडे हवी ३, तर ०.६ ने गुणा. उजवीकडे हवी ७, तर १.४ ने. उत्तर: वर १.२ आणि २.८, खाली १.८ आणि ४.२. बेरजा करून बघा. ओळी ४ आणि ६, रांगा ३ आणि ७. चारही बरोबर, एकाच फेरीत! तेवढ्याच कष्टात आधीची पद्धत अजून चाचपडत होती. (आईचे १, ३, २, ४ तंतोतंत आले नाहीत, कारण दोन दिशा पुरेशा नाहीत. तिरक्या बेरजाही दिल्या तर आणखी जवळ जातं. कागद घेऊन करून बघा, मजा येते.)

याला म्हणतात ऑर्डर्ड सबसेट्स, लघुरूप ओसेम. त्यावर "ओसेम इज ऑसम" हा विनोद आमच्या टीममध्ये आठवड्यातून एकदा तरी होतो. माफ करा. ढोबळ हिशेब असा की जितके गट पाडाल, साधारण तितक्या पटीने वेग वाढतो. एकावेळी एकेक समीकरण घेऊन अंदाज सुधारत जायचं ही कल्पना तशी जुनी, कात्झमार्झ या पोलिश गणितज्ञाने ती १९३७ मध्येच मांडली होती. पण १९९४ च्या त्या लेखानंतर मात्र ही गुणाकाराची पद्धत खऱ्या अर्थाने कॅमेऱ्यांमध्ये येऊन बसली.

आता माझ्या कामाकडे.

मला मिळालेला कोड जुना होता आणि एका स्कॅनला १४ मिनिटं घ्यायचा. आठ गट, आठ फेऱ्या, म्हणजे एकूण ६४ दुरुस्त्या. सगळ्यात जास्त वेळ खात होता तो जाळीचा अस्पष्टपणा. डबा कॅमेऱ्यापासून जितका लांब, तितका तो जास्त पसरट दिसतो. जुना कोड प्रत्येक खोलीसाठी त्या मापाचा पसारा स्वतंत्र काढायचा. लांबच्या थराला १५ × १५ चा चौकोन, म्हणजे एकेका डब्यामागे २२५ गुणाकार.

इथे दोन जुन्या युक्त्या कामाला आल्या. हा पसारा घंटेच्या आकाराचा असतो, आणि असा पसारा आधी आडवा आणि मग उभा करता येतो. २२५ ऐवजी १५ अधिक १५, तीस गुणाकार. दुसरी युक्ती मला जास्त आवडली. सगळ्यात लांबच्या थराला थेट १५ चा पसारा द्यायचाच कशाला? तो थर थोडासा पसरवा, पुढच्या थरात मिळवा, दोघांना मिळून परत थोडं पसरवा, पुढच्यात मिळवा... असं कॅमेऱ्यापर्यंत या. लांबचा थर जास्त वेळा पसरला जातो, जवळचा कमी वेळा. आपोआप. १४ मिनिटांची ५ झाली.

मग मेमरी. चित्र एकेका कोनात फिरवताना स्लाइस क्रमांक सगळ्यात आतला ठेवला, म्हणजे एका बिंदूच्या चौसष्टही स्लाइस मेमरीत शेजारी-शेजारी. फिरवण्याचं गणित एकदाच करायचं आणि ६४ ठिकाणी वापरायचं. ५ ची अडीच मिनिटं झाली. त्या दिवशी मी टीमला वडापाव दिला.

पण हवं होतं एक मिनिट. डेडलाइन शुक्रवारची. आणि समोर एक आकडा दिसत होता: गटांची संख्या, आठ. तो बदलायला एक सेकंद लागतो. मी ३२ गट केले आणि फेऱ्या दोनच ठेवल्या. ३२ गुणिले २, दुरुस्त्या तितक्याच ६४, काम एक चतुर्थांश. वेळ ३७ सेकंद! चित्र डोळ्यांना तसंच दिसत होतं. मी मेल टाकून मोकळा.

आमच्याकडे एक मॅडम आहेत, मेडिकल फिजिसिस्ट. आधी बरीच वर्षं हॉस्पिटलात होत्या. त्यांनी मेलला उत्तर दिलं नाही, मला बोलावलं.

"अरे, चौसष्ट कोनांचे बत्तीस गट. एका गटात कोन किती?"

"दोन."

"आणि दोन कोनांवरून तू पूर्ण हृदयाला गुणाकार करतोस?"

मी म्हटलं, मॅडम, पुढचा गट दुरुस्त करतोच की. त्या हसल्या आणि त्यांनी मला माझ्याच लाडवांवर आणलं (हे लाडू मूळ त्यांचेच आहेत, मी ढापलेत). "समज मोजणीत गोंधळ आहे. ओळी सांगतायत ४ आणि ६, म्हणजे एकूण १०. रांगा सांगतायत ३ आणि ८, म्हणजे एकूण ११. आता कर."

केलं. ओळींचा गट झाला की एकूण १०. रांगांचा झाला की ११. परत ओळी, परत १०. परत ११. हजार फेऱ्या करा, हे कधीच एका जागी थांबत नाही, कारण प्रत्येक गट स्वतःचंच खरं करतो. सगळ्या दिशा एकत्र घेणारी जुनी पद्धत मात्र साडेदहावर मुकाट्याने बसते. गट जितका छोटा, तितका त्यातला गोंधळ मोठा आणि हे हेलकावे मोठे. त्यात आणखी एक मेख: सगळा खेळ गुणाकाराचा. एखाद्या छोट्या गटाने योगायोगाने शून्य मोजलं आणि डबा शून्य झाला, की पुढे कशानेही गुणा, शून्य ते शून्यच. परत उठत नाही.

मग मॅडमनी मला खरा पुरावा दाखवला. प्लॅस्टिकचं हृदय असतं, फॅन्टम. ठणठणीत, कुठेही दोष नसलेलं. त्याच्या मोजणीतले किरण मुद्दाम कमी करून, वेगवेगळ्या गोंधळाने त्यांनी वीस स्कॅन तयार केले होते. माझ्या ३२ गटांच्या कोडने वीसपैकी तीन चित्रांत हृदयाची खालची भिंत पातळ दाखवली. नसलेला दोष.

"पण मॅडम, हे किरण फारच कमी केलेत तुम्ही. आणि तीनच तर आहेत."

हे वाक्य मी खरंच बोललो. आज लिहिताना लाज वाटतेय, पण बोललो. मॅडम एवढंच म्हणाल्या, "सोमवारी बघू."

तो शुक्रवार होता. शनिवारी बाबांचा स्कॅन होता.

बाबांना जिना चढताना धाप लागायला लागली होती. ट्रेडमिलची टेस्ट "संशयास्पद" आली, म्हणून डॉक्टरांनी स्ट्रेस थॅलियम सांगितलं. (नाव थॅलियम असलं तरी हल्ली बहुतेक ठिकाणी टेक्नेशियमच टोचतात. जुनं नाव चिकटलंय, टूथपेस्टला कोलगेट म्हणावं तसं.) साताऱ्याहून आई-बाबा आदल्या रात्री आले. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, गरज नाही. तिथला कॅमेरा आणि सॉफ्टवेअर आमच्या कंपनीचं नव्हतं हे मात्र सांगतो, म्हणजे गैरसमज नको.

ट्रेडमिलवर चालणं झालं, इंजेक्शन झालं, थांबणं झालं. मग बाबांना टेबलावर झोपवलं, दोन्ही हात डोक्याच्या वर. हात छातीजवळ राहिले तर कॅमेऱ्याच्या वाटेत येतात. ३२ थांबे, प्रत्येकी २५ सेकंद. तेरा मिनिटं वीस सेकंद. तेवढा वेळ हलायचं नाही.

आता एसटीच्या कंडक्टरचा उजवा खांदा कसा असतो ते सांगतो. बत्तीस वर्षं चालत्या गाडीत एका हाताने वरची दांडी धरून, दुसऱ्या हाताने तिकिटं फाडून पंच करायची. गळ्यात पेटी आणि पैशांची बॅग. रिटायर झाल्यापासून बाबांना तो हात खांद्यावर नेता येत नाही. शर्ट घालताना आई मदत करते. हे त्यांनी टेक्निशियन ताईंना सांगितलं का? छे. "जमेल का काका?" "न जमायला काय झालं?"

मी काचेच्या पलीकडे उभा होतो. "मी अशाच सॉफ्टवेअरवर काम करतो" असं सांगितल्यावर ताईंनी कंट्रोल रूममध्ये उभं राहू दिलं. स्कॅन संपला. त्यांनी आधी सगळ्या कोनांची चित्रं एकामागून एक फिरवून बघितली, आणि शेवटच्या आठ-दहा चित्रांत हृदय किंचित सरकलेलं दिसलं. मलाही दिसलं.

"काका शेवटी थोडे हललेत वाटतं. किती फरक पडतो ते स्लाइस आल्यावर कळेल." मग माईकवर, "काका, दोन मिनिटं तसेच पडून राहा. हात खाली घेतलेत तरी चालतील."

आणि त्यांनी रिकन्स्ट्रक्शनचं बटण दाबलं. स्क्रीनवर हिरवा पट्टा आला. फेरी १, गट १. फेरी १, गट २...

मंडळी, हा पट्टा मी सहा महिने रोज बघतोय. तो सरकत असताना मी मेल वाचतो, कॉफी आणतो. त्या दिवशी पहिल्यांदा मी पट्टा बघत नव्हतो. मी काचेतून बाबांकडे बघत होतो. त्यांनी हात खाली घेतले नव्हते. उजवा हात कोपरापासून थरथरत होता. मी काचेवर टकटक केलं, खूण केली, पण त्यांची नजर छताकडे. ताई परत माईकवर बोलल्या, "काका, हात घ्या खाली." बाबांनी नुसती मान हलवली आणि हात तसेच.

चार मिनिटं वीस सेकंद लागले. मी घड्याळात मोजले. चार मिनिटं म्हणजे काय असतं हे मला सहा महिन्यांत कधीच कळलं नव्हतं.

स्लाइस आल्या. खालची भिंत पातळ.

अगदी तशीच, जशी आदल्या दिवशी मॅडमच्या स्क्रीनवर होती.

मला पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. पुढचं सगळं मला माहीत होतं. श्रम केल्यावरच्या स्कॅनमध्ये एक भिंत पातळ आणि विश्रांतीच्या स्कॅनमध्ये ती नीट, याचा अर्थ डॉक्टर असा लावतात की श्रमाच्या वेळी तिथे रक्त कमी पडतंय. पुढची पायरी अँजिओग्राफी. पण पेशंट फक्त पहिल्या स्कॅनमध्ये हलला असेल, तरीही हुबेहूब हेच दिसणार. खरा आजार आणि दुखरा खांदा, चित्र एकच.

ताई शांत होत्या. "हलण्यामुळे असेल. परत घेऊ." त्या आत गेल्या, बाबांचे हात स्वतः धरून खाली आणले, दोन मिनिटं खांदा चोळू दिला, मग उजव्या हाताखाली दोन उशा लावल्या. परत तेरा मिनिटं वीस सेकंद.

मधल्या वेळात मी विचारलं, "दर वेळी असं थांबून बघता?"

"वेळ असेल तर बघतो. गर्दी असेल तर पेशंटला उतरवतो, चित्रं नंतर होतात. काही निघालं तर परत बोलावतो."

परत बोलावतो. दुसऱ्या दिवशी बोलावलं तर चोवीस तासांत ते औषध चार वेळा निम्मं झालेलं असतं, सोळावा हिस्सा उरतो. म्हणजे परत ट्रेडमिल, परत इंजेक्शन, परत खर्च. साताऱ्याहून परत येणं. किंवा कदाचित कुणाला शंकाच येत नाही, आणि ते चित्र तसंच पुढे जातं.

दुसऱ्या वेळी फिरती चित्रं स्थिर होती. परत चार मिनिटं वीस सेकंद. या वेळी बाबांचे हात खाली होते. खालची भिंत नीट, भरलेली, बाकीच्या हृदयासारखीच. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले की श्रमाचाच स्कॅन नॉर्मल आहे तेव्हा विश्रांतीच्या स्कॅनची गरज नाही. धाप लागते ती वेगळ्या कारणाने, ते शोधू. (हिमोग्लोबिन कमी निघालं. औषध चालू आहे. आई आता पालक आणि खजूर यांचा मारा करतेय.)

परत येताना रिक्षात मी बाबांना विचारलं, "त्या ताई सांगत होत्या तर हात खाली का नाही घेतले तुम्ही?"

"अरे, त्यांना परत सगळं लावायला लागलं असतं. बाहेर माणसं खोळंबली होती. म्हटलं राहू दे तसेच."

बत्तीस वर्षं गाडी वेळेवर सोडलेला माणूस. दुसरं काय म्हणणार?

त्या रात्री झोप आली नाही. एक गोष्ट मला आतापर्यंत अर्धीच कळली होती. हे काम वेगवान करायचं ते कुणाच्या प्रेझेंटेशनमधल्या आकड्यासाठी नाही. पेशंट टेबलावर असतानाच चित्र दिसलं तर चूक तिथल्या तिथे पकडता येते, गर्दी असली तरीही. चार मिनिटांचे चाळीस सेकंद झाले तर कुणाला "नंतर बघू" म्हणायची वेळ येत नाही. आणि दुसरी गोष्ट: ते झटपट आलेलं चित्रच खोटं दोष दाखवणारं असेल, तर मी हे सगळं कशासाठी करतोय? समजा ताईंच्या समोर माझा ३२ गटांचा कोड असता. दुसरा, चांगला स्कॅन झाल्यावरही त्याने वीसातल्या तिनासारखी भिंत पातळ दाखवली असती, तर? "तीनच तर आहेत." त्या तिनातले एक बाबा.

सोमवारी मॅडमना जाऊन सांगितलं, तुमचं बरोबर होतं. त्यांनी "मी सांगितलं होतं" वगैरे काही म्हटलं नाही. खुर्ची ओढून बसल्या, म्हणाल्या, "चल, आता वेळ कुठे जातोय ते बघू."

मी परत आठ गट केले, गटात आठ कोन. गट पाडतानाही कोन सलग नाही घ्यायचे. पहिला, नववा, सतरावा असे पसरून घ्यायचे, म्हणजे प्रत्येक गटाला सगळ्या बाजूंनी थोडं थोडं दिसतं. आणि पुढचा गट आधीच्यापासून जमेल तितका लांबचा. वेळ परत अडीच मिनिटं. मग लक्षात आलं (आणि कपाळावर हात मारला) की एका गटातले कोन एकमेकांवर अवलंबूनच नसतात! आठ कोन, आठ कोअरवर एकाच वेळी चालतात. जुना कोड एकाच कोअरवर चालत होता आणि ३७ सेकंद दिसल्यावर मी पुढे बघितलंच नव्हतं. गंमत म्हणजे ३२ गट ठेवले असते तर एका वेळी दोनच कोन, म्हणजे दोनच कोअर कामाला लागले असते. छोटा गट करून मी कोडला पांगळं करत होतो.

आठ कोअर म्हणून आठपट वेग कधीच मिळत नाही, सगळे एकाच मेमरीवर भांडतात. पाचपट मिळाला. तीस सेकंद. खोट्या शॉर्टकटपेक्षा सात सेकंद कमी.

मॅडमनी प्लॅस्टिकच्या हृदयाचे तेच वीस स्कॅन परत चालवले. एकातही भिंत पातळ नाही. मग आम्ही आणखी एक केलं: गटात चारपेक्षा कमी कोन ठेवायचा प्रयत्न केला तर प्रोग्राम सरळ नाही म्हणतो. म्हणजे पुढच्या वर्षी माझ्यासारखाच कुणी उत्साही मुलगा शुक्रवारी संध्याकाळी तो आकडा बदलायला आला, तर त्याला निदान कुणाला तरी विचारावं लागेल.

आज याहून वेगवान मार्ग आहेत, ग्राफिक्स कार्ड आहेत, हेलकावे न खाता एका जागी पोचणाऱ्या पद्धती आहेत. त्यावर कधीतरी लिहीन. आमच्या हातात होतं त्यात तीस सेकंद झाले, आणि ते खरे आहेत.

काल बाबांचा फोन आला होता. विचारत होते, "तुझं ते काम झालं का?" म्हटलं, झालं. "काय केलंस नक्की?" मी लाडवांपासून सुरुवात करणार होतो, पण म्हटलं, "बाबा, तुम्ही हात वर करून थांबला होतात ना, तो वेळ कमी केला."

"हां," म्हणाले, "मग चांगलं काम आहे."

एका वाक्यात सांगता आलं तर!

असो. चहा गार झाला असेल. पुढच्या शनिवारी भेटू.